मुलांच्या वाट्याचे रान

हुबळी-धारवाडमधल्या आठ-दहा वर्षांच्या मुलाने शाळा सुटल्यावर घरातून पायी निघावे, कोणालाही सोबत न घेता झाडीत शिरावे, झाडावर चढावे, करवंदे-जांभळे तोडून खावीत आणि मातीने माखलेल्या हातापायांनी दिवेलागणीला घरी परतावे, असे आज या जुळ्या शहरांतल्या किती वस्त्यांत शक्य आहे? उत्तर बहुतेक पालकांना ठाऊक आहे आणि त्याचे कारणही ते लगेच सांगतात: मोबाइल. मुले स्क्रीनला चिकटली, त्यांना बाहेर जायलाच नको असते, असे आपण पालकसभेत, लग्नाच्या पंगतीत आणि वर्तमानपत्रांच्या रकान्यांतही म्हणत आलो आहोत. माझे म्हणणे वेगळे आहे. मुलांनी रान सोडलेले नाही. आपण मोठ्यांनी ते त्यांच्याकडून काढून घेतले. आधी जमीन गेली, मग तिथवर जाणारी वाट गेली, मग घरून मिळणारी परवानगी गेली, आणि अशा रिकाम्या झालेल्या संध्याकाळी मोबाइल हातात आला. क्रम असा असेल तर मुलांना उपदेश करून काही साधणार नाही. उपाय शोधायचा तो महानगरपालिकेच्या नकाशात, विद्यापीठाच्या फाटकावर आणि पालकांच्या होकारात.

या विषयाची चर्चा करायला धारवाडइतके योग्य गाव दुसरे नाही. गावाच्या पश्चिमेला मलनाड सुरू होतो, पूर्वेला काळ्या मातीचा उघडा मुलूख पसरतो. सोमेश्वराजवळ उगम पावणारी शाल्मला बेडती-गंगावळीच्या खोऱ्यातून अरबी समुद्राकडे जाते, तर गावाच्या दुसऱ्या अंगाला पडलेला पाऊस मलप्रभेच्या वाटेने बंगालच्या उपसागराकडे निघतो. दोन हवामानांच्या सांध्यावर वसल्यामुळे इथे दोन प्रकारची झाडी शेजारी शेजारी नांदते. कलघटगी आणि हल्याळच्या बाजूला साग, ऐन, जांभूळ. नवलगुंदच्या बाजूला बाभूळ, बोर, कडुनिंब. मधल्या लाल मातीच्या टेकड्यांवर करवंदीची जाळी आणि आमराया, नवलूरच्या बाजूला पेरूच्या बागा, आणि साधनकेरी, केळगेरी, नुग्गीकेरी, उणकल असे एकामागून एक तलाव. ज्यांच्या घरात मराठी बोलली जात होती ते द. रा. बेंद्रे याच साधनकेरीच्या काठी राहून कन्नडचे थोर कवी झाले आणि १९७३ साली ज्ञानपीठाचे मानकरी ठरले. जी. ए. कुलकर्णी इथेच इंग्रजी शिकवत राहिले. शेजारच्या बेळगावच्या मातीतून प्रकाश नारायण संतांचा लंपन आला. ‘वनवास’पासून ‘झुंबर’पर्यंतच्या चारही पुस्तकांत त्या मुलाचे जग पायी फिरता येईल एवढे आणि म्हणूनच अफाट आहे. सीमाभागाच्या मराठी-कन्नड लेखनात बालपणाच्या शेजारी असा एक मोकळा परिसर कायम दिसतो, कारण तो प्रत्यक्षात होता.

तो परिसर मुलांच्या आयुष्यातून कसा निसटला याची मोजदाद आपल्याकडे कोणी केलेली नाही. ब्रिटनमध्ये ती झाली आहे. तिथल्या खेड्यांत आणि लहान गावांत वाढलेल्या जुन्या पिढ्यांच्या आठवणी ओक-बीचच्या झाडीने, ब्लूबेलच्या निळ्या गालिच्यांनी आणि झाडाला टांगलेल्या दोरीच्या झोपाळ्यांनी भरलेल्या असतात, आणि या आठवणी आता फक्त आजोबांच्याच का राहिल्या, असा प्रश्न त्या देशाने गांभीर्याने विचारला. २००७ साली शेफिल्डमधल्या एका कुटुंबाच्या चार पिढ्यांची नोंद एका अहवालात आली. पणजोबा आठ वर्षांचे असताना, १९२६च्या सुमारास, मासे धरायला एकटे सहा मैल चालत जात. आजोबा त्याच वयात, १९५०मध्ये, मैलभर दूरच्या रानात एकटे जात. १९७९मध्ये आईला अर्ध्या मैलावरच्या पोहण्याच्या तलावापर्यंत मोकळीक होती. आणि २००७मध्ये मुलाला रस्त्याच्या टोकापर्यंत, म्हणजे तीनशे यार्ड. एका कुटुंबाची ही गोष्ट आहे, तेव्हा तिच्यावर फार भार टाकू नये. पण मेयर हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०मध्ये प्रसिद्ध केलेली पाहणी मोठी होती. इंग्लंडमधली सात-आठ वर्षांची ८० टक्के मुले १९७१मध्ये मोठ्यांच्या सोबतीविना शाळेत जात होती. १९९०मध्ये असे प्रमाण ९ टक्क्यांवर आले. या तारखा महत्त्वाच्या आहेत. १९९०मध्ये मुलांच्या हातात मोबाइल नव्हता, घरोघरी इंटरनेट नव्हते. मुले घरात कोंडली गेली ती वाहनांमुळे, मोठ्या झालेल्या रस्त्यांमुळे आणि पालकांच्या वाढत्या धास्तीमुळे. पडदा आला तेव्हा घरात त्याची वाट पाहणारी मुले आधीच बसलेली होती. पुढे २००२मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवले की आठ वर्षांची ब्रिटिश मुले पोकेमॉनची जवळजवळ ८० टक्के पात्रे ओळखतात, पण परिसरातले प्राणी आणि झाडे मात्र जेमतेम निम्मी ओळखतात. मुलांची स्मरणशक्ती तल्लख होती; तिला समोर जे मिळाले ते तिने टिपले.

आता हाच क्रम आपल्याकडे लावून पाहू. हुबळी आणि धारवाड १९६२मध्ये एका महानगरपालिकेखाली आले. त्यानंतरच्या साठ वर्षांत दोन गावांमधला मोकळा पट्टा लेआउटांनी भरत गेला. दोन्ही शहरांना जोडणारा सुमारे २२ किलोमीटरचा रस्ता जलद बससेवेसाठी रुंद झाला तेव्हा कडेची जुनी सावली गेली, आणि त्याहून मोठी गोष्ट अशी की तो रस्ता लहान मुलाने एकट्याने ओलांडण्यासारखा राहिला नाही. रस्त्याच्या पलीकडे तलाव असला काय आणि आमराई असली काय, अलीकडच्या मुलाच्या दृष्टीने ती नाहीशी झाली. बससेवेची गरज मला मान्य आहे; हजारो नोकरदार आणि विद्यार्थी तिच्यावर अवलंबून आहेत. पण रस्ता आखताना वाहनांची गणती झाली तशी त्या रस्त्यापलीकडे खेळायला जाणाऱ्या मुलांची झाली नाही. तलावांचे म्हणाल तर जिथे काठ उरला तिथे ‘सुशोभीकरण’ पोहोचले. फरसबंदी, रेलिंग, शोभेची झुडपे, ठरलेल्या वेळा, गवतावर चालू नये अशा पाट्या. मोठ्यांना फेऱ्या मारायला त्या जागा चांगल्या आहेत. मुलाला मात्र तिथे उकरायला माती नाही, तोडायला फांदी नाही, लपायला झुडूप नाही.

खेड्यांत कुंपण वेगळ्या रूपाने आले, आणि त्याची कथा धारवाड जिल्ह्याच्या इतिहासात ठळक नोंदली गेली आहे. १९८४मध्ये राज्य सरकार आणि हरिहरचा पॉलिफायबर कारखाना यांनी मिळून कर्नाटक पल्पवुड ही कंपनी काढली आणि धारवाडसह चार जिल्ह्यांतली सुमारे ३० हजार हेक्टर सामायिक जमीन निलगिरीच्या लागवडीसाठी तिच्याकडे सोपवण्याचे ठरले. कागदावर ही जमीन ‘पडीक’ होती. गावाच्या लेखी ते गायरान होते, सरपण होते, औषधी पाला होता, आणि गुरे सोडून दिवसभर हुंदडायची पोरांची जागाही तीच होती. समाज परिवर्तन समुदाय या संघटनेने या व्यवहाराविरुद्ध लोकांना संघटित केले, शिवराम कारंतांसारखा ज्येष्ठ लेखक सर्वोच्च न्यायालयातल्या याचिकेत उतरला, आणि १४ नोव्हेंबर १९८७ रोजी, म्हणजे बालदिनी, त्या वेळच्या धारवाड जिल्ह्यातल्या कुसनूर गावी सुमारे दोन हजार लोक जमले. त्यात बायका होत्या, मुले होती. देवळासमोर अहिंसेची शपथ घेऊन ते वाजतगाजत लागवडीकडे गेले, निलगिरीची रोपे उपटली आणि त्या जागी गावाच्या उपयोगाची झाडे लावली. ‘कित्तिको-हच्चिको’, उपटा आणि लावा, या नावाने तो सत्याग्रह ओळखला गेला. १९९१मध्ये ती कंपनी गुंडाळावी लागली. इतिहासकारांनी या लढ्याकडे चारा आणि सरपण यांचा लढा म्हणून पाहिले, ते बरोबरच आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. सामायिक जमिनीवरचा हक्क गेला की सर्वांत आधी ज्यांचा आवाज नसतो त्यांची जागा जाते, आणि मुलांइतका आवाज नसलेला वर्ग दुसरा नाही.

इथे कोणी विचारेल की बागा वाढवल्या तर भागणार नाही का? रानच कशाला हवे? या प्रश्नाचे उत्तर भावनेने देण्याची गरज नाही, कारण अभ्यास झालेले आहेत. नॉर्वेमध्ये इंगुन फ्योर्टोफ्ट यांनी पाच ते सात वर्षांच्या मुलांचे दोन गट पाहिले. एक गट शाळेशेजारच्या चढउतारांच्या झाडीत रोज खेळत होता, दुसरा नेहमीच्या क्रीडांगणावर. काही महिन्यांत झाडीतल्या मुलांचा तोल आणि शरीराचा ताळमेळ लक्षणीय सुधारला. उघड आहे: घसरगुंडीची पायरी रोज तेवढीच उंच असते, झाडाची फांदी प्रत्येक वेळी नवा हिशेब करायला लावते. फिनलंडमध्ये तर रानाची जमीनच शहरात आणली गेली. काही बालवाड्यांच्या अंगणात वनातल्या मातीचा, शेवाळाचा, खुरट्या झुडपांचा थर पसरला आणि तीन ते पाच वर्षांची मुले २८ दिवस त्यात खेळली. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्या त्वचेवरच्या सूक्ष्मजीवांची विविधता वाढली आणि रोगप्रतिकारशक्तीचे काही निर्देशक सुधारले. अभ्यास लहान होता, मुले जेमतेम ७५, तेव्हा त्यातून दमा-अॅलर्जी बरी होते असा दावा कोणी करू नये. पण डांबर आणि रबराच्या चटईवर असे काही घडत नाही, एवढे त्यातून दिसते.

डोळ्यांचा पुरावा अधिक भक्कम आहे आणि पालकांना तो अधिक जवळचा वाटेल, कारण दुसरी-तिसरीतल्या मुलांचे चष्मे आता प्रत्येक वर्गात दिसतात. सिडनी आणि सिंगापूर इथल्या चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांची तुलना २००८मध्ये प्रसिद्ध झाली. सिंगापूरमध्ये २९ टक्के मुलांना लांबचे दिसत नव्हते, सिडनीत फक्त ३ टक्क्यांच्या आसपास. दोन्हीकडच्या पालकांच्या चष्म्यांचे प्रमाण सारखेच होते आणि सिडनीची मुले वाचतही कमी नव्हती. मोठा फरक होता तो घराबाहेरच्या वेळेचा: सिडनीत आठवड्याला सुमारे पावणेचौदा तास, सिंगापुरात तीन. पुढे चीनमधल्या ग्वांगझौ इथे काही शाळांमध्ये मुलांना रोज चाळीस मिनिटे जादा बाहेर काढण्याचा प्रयोग झाला आणि तीन वर्षांत नव्याने चष्मा लागण्याचे प्रमाण इतर शाळांत ३९.५ टक्के, तर या शाळांत ३०.४ टक्के दिसले. डोळ्यांना हवा असलेला उजेड मिळायला झाड लागत नाही, मैदानही चालते, हे खरे. पण मूल उजेडात तासन् तास राहील कशासाठी? मैदानावर क्रिकेटच्या संघात ज्याला घेत नाहीत, त्या मुलाला मैदान धरून ठेवत नाही. रानात संघ लागत नाही, कौशल्य लागत नाही, साहित्य लागत नाही. अशक्त, लाजरे, एकटे असे कोणतेही मूल तिथे रमू शकते.

तब्येतीचा मुद्दा एवढ्यावर सोडतो, कारण माझ्या मते खरा मुद्दा नागरिकत्वाचा आहे. पर्यावरण हा विषय शाळेत शिकवावा असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१मध्येच सांगितले आणि तो शिकवलाही जातो. झाडांचे पाच उपयोग मुले तोंडपाठ लिहितात. तरीही शहरातली झाडे तुटतात तेव्हा हळहळणाऱ्यांची संख्या मोजकीच असते. कॉर्नेल विद्यापीठाच्या नॅन्सी वेल्स आणि क्रिस्टी लेकीज यांनी २००६मध्ये दोन हजारांहून अधिक अमेरिकन प्रौढांच्या मुलाखतींवरून या कोड्याचे एक उत्तर दिले. वयाच्या अकराव्या वर्षाआधी जे रानात खेळले, भटकले, मासे धरायला गेले, त्यांच्या मनात मोठेपणी निसर्गाविषयीची आस्था सर्वाधिक होती. फुले वेचणे, रोप लावणे अशा घरगुती कामांचा परिणाम होता, पण कमी. आणि लहानपणी पर्यावरण शिक्षणाचे कार्यक्रम केल्याचा परिणाम ठोसपणे दिसलाच नाही. शिक्षणखात्यातल्या प्रत्येक अधिकाऱ्याने हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे.

आपल्या देशातली उदाहरणे याच दिशेने बोट दाखवतात. सलीम अलींना पक्ष्यांचा छंद लागला तो लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीमुळे. त्या पक्ष्याची ओळख पटवायला ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि पुढचे आयुष्य ठरले. मारुती चितमपल्ली सोलापूरसारख्या कोरड्या गावात वाढले. पक्ष्यांची, झाडांची नावे त्यांनी आधी घरच्या माणसांकडून आणि भोवतालच्या माळावर शिकली, वनखात्याचे प्रशिक्षण नंतर झाले. माधव गाडगीळांच्या घराजवळ पुण्याची वेताळ टेकडी होती, आणि त्याच गाडगीळांनी १९७०च्या दशकात आपल्या शेजारच्या उत्तर कन्नडात येऊन कागद कारखान्यांना दिला जाणारा बांबू का संपतो आहे, याचा शोध घेतला. यावर हुशार वाचक म्हणेल की ही निवडक माणसे आहेत. टेकडीशेजारी वाढलेले हजारो जण पुढे बिल्डरही झाले. अगदी खरे. वेल्स-लेकीज यांचा अभ्यासही संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही. ज्या घरात निसर्गाची ओढ आधीच होती त्याच घरांनी मुलांना रानात जाऊ दिले असेल, हीही शक्यता आहे. पण समाजाचे वर्तन पाहिले तर पुरावा पुन्हा त्याच बाजूला झुकतो. २०१०-११मध्ये ब्रिटिश सरकारने इंग्लंडमधली सार्वजनिक वने विकायला काढली तेव्हा पाच लाखांहून अधिक लोकांनी विरोधाच्या निवेदनावर सह्या केल्या आणि फेब्रुवारी २०११मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. एवढ्या मोठ्या संख्येने लोक उठतात ते ज्या जागेत त्यांचे स्वतःचे पाय उमटलेले असतात तिच्यासाठी. कुसनूरच्या लोकांना तरी पर्यावरणाचा अभ्यासक्रम कोणी शिकवला होता?

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र दुसरा आहे. रानातले बालपण ही सुखवस्तूंची कविकल्पना आहे, असे अनेकांचे म्हणणे असते, आणि ते झटकून टाकण्यासारखे नाही. खेड्यातल्या गरीब घरची मुले रानात जात ती गुरे राखायला, मोळी आणायला. मुलींना तर हुंदडण्याची मुभा कधीच नव्हती. त्यांच्या डोक्यावर सरपण असे आणि मनात उशीर झाल्याची भीती. शाळेच्या बाकावर बसायचा हक्क मिळवायला त्या मुलांना रान सोडावे लागले, आणि ते सोडले हे चांगलेच झाले. जी. एं.नी कॉनराड रिक्टरची जी कादंबरीमाला मराठीत आणली तिच्यातल्या ‘रान’मध्ये हे दुखणे फार प्रामाणिकपणे आले आहे. तिथले घनदाट जंगल कुटुंबाला जेऊ घालते, आणि त्यातच घरातली धाकटी मुलगी हरवते. मालेच्या शेवटच्या भागात, ‘गाव’मध्ये, आयुष्य झाडे तोडण्यात गेलेल्या नायिकेला, सेवर्डला, म्हातारपणी झाडांची ओढ लागते आणि ती दारात पुन्हा झाडे लावते. तेव्हा रान म्हणजे निव्वळ सुख, असे मी म्हणत नाही. मोळी आणि खेळ यांतला फरक सक्तीचा आहे. सक्ती गेली, शाळा आली, हे मिळवल्यावर त्याच मुलाला त्याच झाडीत आता खेळायला जाता यावे, ही मागणी चैनीची नाही. उलट आज ती गरिबांचीच मागणी असायला हवी. पैसेवाल्यांची मुले सुटीत दांडेलीच्या रिसॉर्टवर जातात, जीपमधून काळी व्याघ्र प्रकल्प पाहतात. झोपडपट्टीतल्या आणि दोन खोल्यांतल्या मुलांना जे काही रान मिळेल ते पायी पोहोचता येईल तेवढेच. मुलींच्या बाबतीत तर मी आणखी पुढे जाऊन म्हणेन की ज्या झाडीत मुली निर्धास्त जाऊ शकत नाहीत ती झाडी शहराने मुलांना दिली असे मानूच नये.

धोक्यांचे काय? साप आहेत, आणि आकडे भीतिदायक आहेत. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार, आणि त्यांत पंधरा वर्षांखालची मुलेही मोठ्या संख्येने होती. हे मृत्यू बहुतांशी खेड्यांतले, पावसाळ्यातले, उपचार वेळेवर न मिळाल्याने झालेले आहेत. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांची ओळख, पायात बूट, अंधारात टॉर्च आणि जवळच्या दवाखान्यात प्रतिविष, यांनी ते घटतात, अज्ञानाने वाढतात. रानापासून दूर ठेवलेल्या मुलाला साप भेटणारच नाही, याची हमी धारवाडात कोणी देऊ शकत नाही, कारण पावसाळ्यात तो अंगणातही येतो. सिद्दापूर-शिरसीकडच्या जंगलांत माकडतापाची भीती आहे, म्हणून मी मुलांना खोल जंगलात पाठवा असे मुळीच म्हणत नाही. मी बोलतो आहे ते गावालगतच्या झाडीबद्दल. आणि तुलना करायचीच तर पूर्ण करावी: २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली. तरी मुलांना दुचाकीवर पुढे उभे करून आपण बाजारात जातो. ज्या धोक्याची सवय झाली तो आपल्याला दिसत नाही. अनोळखी माणसांची भीती खरी आहे, पण ती एकाकी जागेची भीती आहे. जिथे रोज वीस-पंचवीस मुले असतात, दोन म्हाताऱ्या माणसांचा वावर असतो, ती जागा एकाकी राहत नाही.

मग करायचे काय? धारवाडला नव्याने जंगल उभारायची गरज नाही, हे आपले भाग्य आहे. कर्नाटक विद्यापीठाचे आठशेहून अधिक एकरांचे टेकडीवरचे आवार, कृषी विद्यापीठाच्या जमिनी, तलावांचे उरलेले काठ, हुबळीची नृपतुंग टेकडी, वनखात्याचे गावालगतचे तुकडे, ही सगळी सार्वजनिक मालमत्ता आहे. विद्यापीठे म्हणतील की संशोधनाचे भूखंड आणि प्रयोगाची पिके मुलांच्या पायाखाली देता येणार नाहीत. बरोबर आहे, देऊ नयेत. पण त्या शेकडो एकरांतला पाच-दहा एकरांचा कोपरा, जिथे प्रयोग चालत नाहीत, तो शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत आसपासच्या मुलांसाठी उघडा ठेवणे अशक्य नाही. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आळीपाळीने तिथे थांबावे. झाडांची नावे मराठी-कन्नड दोन्हींत सांगावीत आणि बाकी मुलांना मोकळे सोडावे. ब्रिटनमधल्या वुडलँड ट्रस्टने एक साधे माप घालून दिले आहे: कोणाचेही घर किमान दोन हेक्टरच्या खुल्या झाडीपासून पाचशे मीटरहून दूर असू नये. हे माप हुबळी-धारवाडच्या नकाशावर ठेवून कोणते प्रभाग त्यात बसतात आणि कोणते नाहीत, याची यादी महानगरपालिकेने एकदा प्रसिद्ध करावी. जुन्या हुबळीच्या दाट वस्तीत दोन हेक्टर कुठून आणणार, हा प्रश्न येईल. तिथे फिनलंडच्या बालवाड्यांसारखे शाळेच्या अंगणातच माती, दगड, ओंडके आणि देशी झाडे यांचे लहान रान करता येते. नव्या लेआउटला मंजुरी देताना मोकळ्या जागेचा एक हिस्सा न सपाट करता, आहे तशा झाडाझुडपांसह सोडण्याची अट घालावी. त्यासाठी बुलडोझर थांबवावा लागतो, खर्च काही करावा लागत नाही.

कायद्याचा आधारही आहे. कर्नाटकाच्या १९७६च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे पन्नासहून अधिक झाडे तोडायची असतील तर आधी जाहीर सूचना देऊन नागरिकांच्या हरकती मागवाव्या लागतात. या हरकतींत आजवर मुलांचा उल्लेख येत नाही. यापुढे पालकांनी आणि शिक्षकांनी तो आणावा: या झाडांखाली किती मुले खेळतात, ती आता कुठे जाणार, हे लेखी विचारावे आणि उत्तर लेखी मागावे. सरकारी शाळांत महिन्यातून एकदा बिनदप्तराचा शनिवार पाळला जातो. त्यातले काही शनिवार सभागृहातल्या कार्यक्रमांऐवजी केळगेरी किंवा नुग्गीकेरीच्या काठी घालवावेत, तेही वर्कशीट न देता. आणि घराघरांतून एक निर्णय व्हावा. शेजारच्या चार घरांनी मिळून आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मुलांना, मुलींना धरून, जवळच्या झाडीत पाठवावे. सुरुवातीला एका मोठ्या माणसाने लांब बसून राहावे, मग तेही थांबवावे. पावसाळ्यानंतरचे दिवस त्यासाठी चांगले आहेत, ऊन कोवळे असते आणि वाटा सुकलेल्या असतात. येत्या बालदिनी कुसनूरच्या सत्याग्रहाची आठवण शहराने काढावीच, पण त्या दिवशी शाळांनी भाषणे ठेवू नयेत. विद्यापीठाचे फाटक उघडावे आणि मुलांना आत सोडावे.